एका ओळीची सेवा

यादी करणे हे काम आपल्या लोकांस फारसे मोठे वाटत नाही. वाण्याकडे पाठवावयाची यादी, लग्नातील आहेराची यादी, धोब्याकडे गेलेल्या कपड्यांची यादी, शाळेतील हजेरीपट, या सर्वांकडे आपण गरजेपुरते पाहतो आणि गरज सरताच त्या कागदाची पुडी होते. ग्रंथ लिहिणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर झळकते. ग्रंथांची सूची करणाऱ्याचे नाव ग्रंथपालाखेरीज सहसा कोणास ठाऊक नसते. तथापि ज्याने कधी एखाद्या अनोळखी विषयाच्या दारात उभे राहून, आत कोणत्या वाटेने जावे, असा प्रश्न स्वतःस केला असेल, त्यास चांगल्या यादीचे मोल सांगावे लागत नाही. ठाण्याच्या बाजारपेठेत नवख्या मनुष्यास सोडून दिले, तर दुकाने थोडी म्हणून तो अडत नाही. दुकाने फार म्हणून अडतो. आजच्या विद्यार्थ्याची स्थिती नेमकी अशीच झाली आहे.

गेल्या वर्षी शाळेतील काही विद्यार्थ्यांसह आम्हांस अशाच एका सूचीच्या कामास हातभार लावण्याचा योग आला. ही सूची कोणा एका विद्वानाची नाही, कोणा प्रकाशकाची नाही, आणि ती विकतही मिळत नाही. देशोदेशीची माणसे, एकमेकांची तोंडे न पाहता, ती लिहितात, तपासतात आणि दुरुस्त करितात. तिचा विषय संगणकाच्या ज्या शाखेचा आहे तीस असिंक्रोनस प्रोग्रॅमिंग असे म्हणतात. आमच्या पालकवर्गापैकी पुष्कळांस हा शब्द अपरिचित असेल. म्हणून प्रथम त्याचा अर्थ सांगणे उचित होईल.

डोंबिवलीतील एखाद्या घरी सकाळी साडेपाच वाजता स्वयंपाकघरात डोकावून पहावे. घरच्या माउलीस सातच्या सुमाराची जलद लोकल गाठावयाची असते. ती एका शेगडीवर कुकर चढविते, दुसरीवर दूध ठेविते, आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत कणीक मळून घेते. दूध वर येऊ लागले की हातातील काम ठेवून ज्योत मंद करिते. पुन्हा पोळपाटाकडे वळते. शिट्टी झाली की मनात मोजते. मध्येच मुलांस हाक मारून उठविते. तिला हात दोनच आहेत. ती एका क्षणी एकच काम करीत असते. परंतु जे काम आपोआप होत आहे त्यापुढे ती हात बांधून उभी राहत नाही. याउलट एखादा नवशिका स्वयंपाकी कुकर लावतो आणि शिट्टी होईपर्यंत त्याच्याचकडे पाहत बसतो. पदार्थ तेच, शेगडी तीच, हातही दोनच. परंतु त्याची गाडी चुकते.

संगणकाचेही असेच आहे. दूरच्या यंत्राकडून एखादे पान मागविले, किंवा साठविलेल्या माहितीतून एक नोंद काढावयास सांगितली, तर उत्तर येण्यास क्षणाचा एक अंश लागतो. आपणांस तो अंश जाणवतही नाही. परंतु तेवढ्यात संगणकाचे लाखो हिशेब होऊ शकतात. तो वेळ त्याने नुसता वाट पाहण्यात घालवू नये, उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कोणाचे काम पुढे न्यावे, आणि उत्तर आले की सोडलेला धागा पुन्हा उचलावा, अशी आज्ञावली लिहिण्याच्या पद्धतीस हे नाव आहे. कल्याण स्थानकावर उभ्या असलेल्या हजारो प्रवाशांनी एकाच वेळी आपापल्या दूरध्वनीवर गाडीची वेळ विचारली, तर उत्तर देणाऱ्या यंत्राने प्रत्येकासाठी एकेक कारकून बसवावा हे परवडणारे नाही. एकाच यंत्राने एकाच वेळी दहा हजार ग्राहकांस कसे सांभाळावे, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ साली एका प्रसिद्ध लेखात मांडला होता. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत निरनिराळ्या संगणकभाषांनी त्याची उत्तरे आपापल्या परीने शोधली.

आमच्या विद्यार्थ्यांस परिचित असलेली भाषा पायथॉन ही होय. तिच्यात या कामासाठी असिंकआयओ नावाचे साधन २०१४ साली, ३.४ या आवृत्तीत, प्रथम आले. पुढील वर्षी, म्हणजे २०१५ साली, असिंक आणि अवेट हे दोन शब्द त्या भाषेच्या व्याकरणातच दाखल झाले आणि लिहिण्याची रीत पालटली. जुनी रीत काही वर्षे चालू राहिली. मात्र तिचे एक मुख्य अंग २०२२ सालच्या ३.११ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले. हा तपशील शुष्क वाटेल. परंतु आमच्या सर्व कथेचे मूळ त्यातच आहे.

इयत्ता नववीतील एक विद्यार्थी रोज कल्याणहून येतो. मुलगा कष्टाळू, घरी संगणक जाणणारे कोणी नाही. त्याने हा विषय स्वतःहून हाती घेतला, आणि जो पहिला पाठ समोर आला त्याप्रमाणे अक्षर न् अक्षर उतरवून काढले. यंत्राने ते नाकारले. त्याने पुन्हा उतरविले, पुन्हा नकार. दोन संध्याकाळी अशा गेल्यावर तो आम्हांकडे येऊन म्हणाला, "सर, हा विषय माझ्या बुद्धीचा नाही." आम्ही पाठ पाहिला. पाठ सुबोध होता, लेखक जाणता होता, उदाहरणेही नेटकी होती. परंतु तो २०१४ सालचा होता, आणि मुलाचे यंत्र नव्या आवृत्तीचे होते. त्याने जे लिहिले ते एके काळी बरोबरच होते. वाट मोडली होती आणि पाटी मात्र तशीच उभी होती. त्या पाटीवर विश्वास ठेवणाऱ्या मुलाने दोष पाटीस दिला नाही, स्वतःस दिला.

अशी किती मुले आपल्याच बुद्धीवर शिक्का मारून मागे फिरत असतील, हा विचार आमच्या मनातून जाईना. शिक्षकास याहून मोठी हानी कोणती? धडा कठीण असेल तर तो सोपा करता येतो. परंतु "मला येणारच नाही" हे एकदा मनात ठसले म्हणजे ते पुसण्यास वर्षे लागतात.

या हानीवर उपाय म्हणजेच ती सूची. गिटहब नामक स्थळी, जेथे जगातील आज्ञावलीकार आपले काम उघड्यावर ठेवितात, २०१४ साली सिंद्रे सॉरहुस या नॉर्वेच्या तरुणाने 'ऑसम' या नावाची एक सूची आरंभिली. ही सूचींची सूची होती. पुढे त्या नमुन्यावर नाना विषयांच्या सूची निघाल्या, आणि असिंकआयओ या विषयाचीही एक निघाली. तीत जाळ्यावरील सेवा उभारण्याची साधने, माहितीसाठ्याशी बोलण्याची साधने, चाचणी घेण्याची साधने, तसेच वाचण्याजोगे लेख आणि ऐकण्याजोगी व्याख्याने असे निरनिराळे विभाग आहेत. या प्रकारच्या सूचींचा मूळ दंडक असा की, सापडेल ते गोळा करावयाचे नाही, निवडावयाचे. आणि ज्याची शिफारस आपण स्वतः मनःपूर्वक करू शकतो तेच घालावयाचे. कोणीही सूचना पाठवू शकतो. सूची सांभाळणारे ती तपासून स्वीकारतात, सुधारावयास सांगतात किंवा नाकारतात. आणि हा सर्व व्यवहार सर्वांदेखत होतो.

अशाच एका सूचीत भर घालण्याचे आम्ही ठरविले. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर सात-आठ मुले-मुली थांबत. पहिल्या दिवशी मुलांचा उत्साह असा की, तासाभरात वीस नोंदी कराव्यात! आम्ही त्यांस एकच विचारले: "यांपैकी कोणता पाठ तुम्ही शेवटपर्यंत वाचला आहे?" वर्गात शांतता पसरली. मग ठरले की, एकच पाठ घ्यावयाचा; तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावयाचा; त्यातील प्रत्येक उदाहरण शाळेच्या यंत्रावर चालवून पहावयाचे; तो कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला आहे हे शोधावयाचे; आणि तो सूचीत आधीच नाही ना, तसेच कोणी तो पूर्वी सुचवून नाकारला गेला नाही ना, हेही पहावयाचे.

या कामास चार शनिवार लागले. पहिले दोन पाठ आम्हीच बाजूस ठेविले. एकातील उदाहरणे चालेनात. दुसऱ्यात लेखकाने एके ठिकाणी नुसते थांबावयास सांगणारी जुनी आज्ञा वापरली होती, जिच्यामुळे एकाचे काम थांबताच सर्वांचेच काम थांबते. हे दोष शोधणारी मुलगी डोंबिवलीची. ती म्हणाली, "सर, हा तर कुकरसमोर हात बांधून उभा राहणारा स्वयंपाकी!" पाठ कळल्याची याहून चांगली खूण आम्हांस नको होती. तिसरा पाठ मात्र सर्व कसोट्यांस उतरला. नवशिक्यास धीर देत, एकेक पायरी चढवीत नेणारा तो पाठ होता. कल्याणच्या त्या विद्यार्थ्याने तो स्वतः पुरा केला, आणि त्याचे यंत्र या वेळी निमूटपणे चालले.

यानंतर प्रश्न आला तो एका ओळीचा. सूचीत पाठाचे नाव, त्याचा पत्ता आणि एका वाक्याचे वर्णन एवढेच लिहावयाचे असते. ते एक वाक्य लिहिण्यास मुलांस एक अख्खी दुपार लागली. कोणी लिहिले, "अत्यंत सुंदर पाठ." त्याने वाचणाऱ्यास काय कळणार? कोणी लिहिले, "या विषयावरील सर्वश्रेष्ठ पाठ." आम्ही विचारले, "बाकीचे सर्व वाचले का?" शेवटी वर्णनात एवढेच राहिले की, पाठ कोणासाठी आहे, तो काय शिकवितो आणि कोणत्या आवृत्तीवर चालतो. स्तुतीचे शब्द गळून पडले, आणि आश्चर्य हे की, ओळ अधिक भारदस्त झाली.

सूचना पाठविली त्या वेळी तपासणाऱ्याच्या देशात रात्र असेल. उत्तर लगेच आले नाही, दुसऱ्या दिवशीही आले नाही. मुले चुळबुळ करू लागली. तेव्हा आम्ही त्यांस म्हणालो की, जो विषय तुम्ही शिकत आहात तोच येथे आचरणात आणा. शिट्टी होईपर्यंत कणीक मळा. आणि खरोखरच मुले दुसऱ्या कामास लागली: सूचीतील जुन्या नोंदी एकेक उघडून पाहण्यास. काहींचे पत्ते मृत झाले होते. त्या नोंदी काढून टाकण्याची सूचना करण्यास मात्र मुलांचे मन धजेना. "कोणीतरी कष्टाने घातलेली ओळ आपण कशी काढावी?" असे एकाने विचारले. प्रश्न चांगल्या मनातून आला होता. आम्ही म्हणालो, "ओळ घालणाऱ्याचा हेतू वाचकास वाट दाखविण्याचा होता. ती वाट आता दरीत जात असेल, तर पाटी काढणे म्हणजे त्याचाच हेतू पुरा करणे होय." मृत पत्ता काढण्यापूर्वी तो लेख दुसरीकडे हलविला आहे काय, हे शोधण्याचा नियम मुलांनी आपणच केला. एक लेख तसा सापडलाही. मग नोंद न काढता पत्ता दुरुस्त केला.

सुमारे तीन आठवड्यांनी तपासणाऱ्याचे उत्तर आले. त्याने वर्णनातील दोन शब्द कमी करावयास आणि नोंद दुसऱ्या विभागात हलवावयास सांगितले. तसे करताच ती स्वीकारली गेली. काम पाहू जाता एक ओळ. परंतु त्या ओळीवर बोट ठेवून आमची मुले सांगू शकत होती की, यातील प्रत्येक शब्द आम्ही तपासला आहे.

येथे एक गोष्ट पालकांच्याही कानी घालणे अवश्य आहे. हल्ली महाविद्यालयातील प्रवेशासाठी आणि नोकरीसाठी असे सार्वजनिक काम दाखविता येते, हे मुलांस लवकर कळते. आमच्यातीलच एकाने सुचविले की, एका ओळीऐवजी रोज एकेक लहानसा बदल पाठवावा, म्हणजे नावापुढे मोठा आकडा दिसेल. त्यास आम्ही २०२० सालची हकीकत सांगितली. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात, डिजिटलओशन या कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट नावाच्या वार्षिक उपक्रमात, चार सूचना पाठविणाऱ्यांस एक सदरा भेट मिळावयाचा होता. हेतू उत्तम होता. परंतु सदऱ्याच्या लोभाने असंख्य लोकांनी परक्यांच्या कामात एखादा निरर्थक शब्द घालून सूचना धाडण्याचा सपाटा लाविला, आणि त्यांत आपल्या देशातील विद्यार्थ्यांचाही भरणा होता. जी माणसे आपला फावला वेळ देऊन काम सांभाळीत होती त्यांचे दिवसचे दिवस हा केर काढण्यात गेले. अखेर त्याच महिन्याच्या आरंभी कंपनीस नियम बदलावा लागला, आणि ज्यांची संमती असेल त्यांच्याच कामात पाठविलेल्या सूचना मोजल्या जाऊ लागल्या. एक सदरा तो काय! परंतु त्यासाठी खरचले गेलेले धन दुसऱ्याच्या विश्वासाचे होते. हकीकत ऐकून तो मुलगा काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी मात्र तो मृत पत्ते तपासणाऱ्यांच्या गटात येऊन बसला, जेथे नावापुढे आकडा वाढण्याची आशा सर्वांत थोडी होती.

हे काम साता समुद्रांपलीकडचे, आपल्या मातीशी त्याचा काय संबंध, असे कोणास वाटेल तर तो भ्रम होय. ज्या कल्याणहून आमची मुले येतात तेथे १८६४ सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, आणि त्याच्या संस्थापकांत महाराष्ट्र सारस्वताचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे हे होते. मराठीत छापलेला ग्रंथ कोठेतरी एकत्र मिळावा, ही त्यांची तळमळ होती. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. ती १९४४ साली प्रसिद्ध झाली, आणि १९५० पर्यंतचा पुढील भाग १९६१ साली. आजही मराठी ग्रंथांचा अभ्यासक त्या सूचीच्या दारातूनच आत जातो. आणि मोल्सवर्थ साहेबांचा १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश तरी काय आहे? साहेबांचे नाव पुठ्ठ्यावर आहे खरे, परंतु शब्द गोळा करणारे आणि पारखणारे अनेक शास्त्री-पंडित त्यामागे होते. १८५७ साली त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. पुढे आमच्या समाजाचे भूषण बाबा पदमनजी यांनी त्याचा संक्षेप करून तो विद्यार्थ्यांच्या आटोक्यात आणिला. एकाने रचावे, दुसऱ्याने वाढवावे, तिसऱ्याने सुलभ करावे, ही परंपरा आपणांस नवी नाही.

पवित्र शास्त्रात नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय हा पुष्कळांस कंटाळवाणा वाटतो, कारण त्यात बहुतेक नावेच आहेत. यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधताना कोणी कोणता भाग बांधला, याची ती यादी आहे. आम्हांस मात्र या वर्षी तो अध्याय नव्याने वाचावासा वाटला. कोट बांधणारे सारेच गवंडी नव्हते. त्यांत याजक होते, सोनार होते, अत्तरे करणारे होते. शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या कन्यांसह कामास लागला होता. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचाच तुकडा बांधला. तकोवा गावच्या लोकांनी काम केले; परंतु त्यांच्या सरदारांनी खांदा दिला नाही, हेही यादीकर्त्याने नमूद करून ठेविले आहे. अशा रीतीने कोट बावन्न दिवसांत पुरा झाला. कोणाही एकास तो अवघा बांधावयाचा नव्हता. परंतु प्रत्येकाचा तुकडा पक्का असणे अगत्याचे होते, कारण शत्रू आत शिरतो तो कच्च्या तुकड्यातून.

आमच्या घरासमोरचा तुकडा कोणता, असा प्रश्न मुलांनीच काढला. ती मोठी सूची इंग्रजीत आहे, आणि कल्याणच्या त्या विद्यार्थ्यासारख्या मुलास पाठाचा विषय आणि पाठाची भाषा ही दोन्ही ओझी एकदम उचलावी लागतात. यावर मुलांनी शाळेच्या ग्रंथालयात एक वही ठेविली आहे. तीत, आपण पुरा केलेल्या पाठाचे नाव, तो कोणत्या आवृत्तीवर चालविला, कोठे अडखळलो आणि तो अडसर कसा दूर झाला, हे प्रत्येकजण सोप्या मराठीत लिहितो आणि खाली तारीख घालतो. तारीख घालण्याचा नियम कल्याणच्या मुलाचा. त्याचे कारण सांगावयास नको. वहीत आजवर अकरा नोंदी झाल्या आहेत. संख्या थोडी आहे, परंतु प्रत्येक नोंदीखाली दुसऱ्या एकाने ती तपासल्याची सही आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी सर्वजण संगणकाच्या वाटेस जाणार नाहीत, आणि जावे असा आमचा आग्रहही नाही. पण जो मार्ग धराल त्यावर तुमच्या मागून कोणीतरी येत असेल. तो तुम्हांस ओळखणार नाही. तुमच्या पाटीवर विश्वास ठेवून मात्र चालेल. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलगा किंवा मुलगी गुणपत्रिकेत न दिसणाऱ्या अशा कामात एखादा शनिवार घालवीत असेल, तर वेळ वाया गेला असे म्हणू नये. घरी आल्यावर आज काय तपासले, एवढे विचारावे. पुढील वर्षी वही नव्या नववीच्या हाती जाईल, आणि तिचे पहिले काम आधीच्या अकरा नोंदी अजून चालतात की नाही हे पाहण्याचे असेल.